एका बाणाचे दहा बाण: ‘हॉक द स्लेअर’ आणि कमी पैशातली तलवारबाजी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही चार मित्र मिळून तलवारी आणि जादूटोण्याची चाळीसेक मिनिटांची फिल्म करताय. शूटिंगला १२ दिवस आहेत, पैसे जवळजवळ नाहीतच. कुणीतरी ‘हॉक द स्लेअर’ बघायला सांगितला. तो बघताना दोघे मित्र पोट धरधरून हसले, तुम्ही मात्र एल्फ (परीकथांतला, माणसासारखाच पण माणूस नसलेला जीव) बाण मारतो तो तुकडा तीनदा मागे नेऊन पाहिलात. आणि आता विचारताय, या मंडळींनी पैसे नेमके वाचवले कुठे, आणि त्यातलं आपल्याला काय जमण्यासारखं आहे?

मी संकलक आहे. सुरुवात स्टीनबेकवर, म्हणजे फिल्म संकलनाच्या जुन्या टेबलावर, फिल्मचे तुकडे चिकटवण्यापासून झाली, आता इतरांसारखाच कॉम्प्युटरवर बसतो. तुटपुंज्या पैशातल्या बऱ्याच फिल्मा माझ्या टेबलावरून गेल्यात, त्यात तलवारी असलेल्याही. त्यामुळे उत्तर संकलकाच्या खुर्चीतून येणार. तुमच्या कॅमेरामनला त्यातलं काही पटणार नाही, ते मी धरून चाललोय.

‘पैसे कुठे वाचवले’ याचं उत्तर सोपं आहे: सगळीकडे. त्यातून तुमच्या हाती फारसं काही लागणार नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. ज्या गोष्टी तुमच्याकडे धड नाहीत (सैन्य, किल्ला, राक्षस, जादू) त्या प्रेक्षकाच्या डोळ्यासमोर किती वेळ ठेवायच्या, आणि कुणाच्या हातात ठेवायच्या? ‘हॉक’मध्ये याची उत्तम आणि वाईट अशी दोन्ही उदाहरणं एकाच रिळात सापडतात, म्हणून तो पुन्हा पुन्हा बघण्यासारखा.

आधी थोडी पार्श्वभूमी. चित्रपट १९८०चा, ब्रिटिश. दिग्दर्शक टेरी मार्सेल. निर्माता हॅरी रॉबर्टसन, पटकथा दोघांची मिळून, आणि संगीतही रॉबर्टसनचंच. पैसा लू ग्रेड यांच्या आयटीसी कंपनीचा, बजेट सुमारे ६ लाख पौंड, शूटिंग सहाएक आठवड्यांचं. ‘कोनन द बार्बेरियन’ अजून यायचा होता, तो १९८२ला आला. म्हणजे तलवार-जादूच्या चित्रपटांची लाट उठायच्या आधीचं हे काम, समोर तयार नमुना नाही. आणि मार्सेल हा मूळचा असिस्टंट डायरेक्टर. मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. असिस्टंट डायरेक्टर दृश्याचा विचार करतो तेव्हा त्याला आधी शेड्यूल दिसतं: युनिट कुठून कुठे हलणार, कोणता नट किती दिवस, जेवणाच्या सुट्टीआधी किती शॉट पडणार. हा चित्रपट तशा डोक्यातून आलाय, आणि ते पटकथेतच दिसतं.

कथा बघा. दुष्ट थोरला भाऊ व्होल्टन बापाला मारतो, मरता मरता बाप धाकट्याला, म्हणजे हॉकला, जादूची तलवार देतो. पुढे व्होल्टन एका मठाच्या प्रमुख साध्वीला पळवून नेतो आणि खंडणी मागतो. हॉक एक राक्षसी देहाचा गडी, एक बुटका, एक एल्फ आणि एक हात गमावलेला सैनिक अशी टोळी जमवतो आणि मठातच मुक्काम ठोकतो. आता यात निर्मितीवाल्याच्या नजरेनं काय आहे? एक मठ, एक जंगल, एक छावणी. खंडणी आहे म्हटल्यावर दोन्ही बाजू एकमेकांची वाट बघत बसणार, आणि वाट बघायला सेट बदलावा लागत नाही. जंगल म्हणजे ब्लॅक पार्क, पाइनवूड स्टुडिओला अगदी लागून. हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या भयपटांनी ते आधीच वापरून झिजवलेलं. युनिट सकाळी स्टुडिओत आणि दुपारी जंगलात, मध्ये ट्रक भरणं-उतरवणं जवळजवळ नाही. ज्यानं कधी लोकेशन शिफ्ट केलंय त्याला सांगायला नको की त्यात अर्धा दिवस कसा हातोहात जातो. तुमच्या १२ दिवसांत अशा तीन शिफ्ट असतील तर तुमच्याकडे साडेदहाच दिवस आहेत, हे आजच लिहून ठेवा.

आणखी एक गंमत. हॉकला आपले तीन साथीदार (राक्षसी गडी, बुटका आणि एल्फ) वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करायचेत. एरवी इथे प्रवासाचे शॉट आले असते: घोडे, डोंगर, नदी, सूर्यास्त. इथे एक आंधळी जादूगारीण त्याच्याभोवती चकाकती कडी फिरवते आणि हॉक थेट त्या ठिकाणी हजर! मित्रांना त्या कड्यांवर हसू द्या. पटकथेत त्या कड्यांनी किती दिवसांचं शूटिंग वाचवलं असेल याचा हिशोब तुम्ही करा. जादू हा बहुतेकांना खर्चाचा मुद्दा वाटतो. इथे तो बचतीचा आहे. तुमच्या पटकथेतली प्रत्येक जादू एकदा या अंगानं तपासा: ही माझा दिवस खाते की वाचवते?

वाचलेले पैसे गेले कुठे? चेहऱ्यांवर. व्होल्टन म्हणून हॉलिवूडचा जॅक पॅलन्स. बाकी ब्रिटिश रंगभूमी आणि पडद्यावरचे मुरलेले लोक: हॅरी अँड्र्यूज, ॲनेट क्रॉस्बी, पॅट्रिक मगी, रॉय किनिअर, पॅट्रिशिया क्विन. यातले बरेच जण एखाद-दोन दृश्यांपुरते येतात, दोन दिवसांत काम संपवून गेले असणार हे कॉलशीट (कुणाला कुठल्या दिवशी बोलावलं त्याचा कागद) न बघताही कळतं. पण दृश्य कोसळायला लागलं की कट करायला एक खात्रीचा चेहरा आहे, ही संकलकाला मिळालेली केवढी मोठी सोय! राक्षसी देहाचा गॉर्ट झालेला बर्नार्ड ब्रेसलॉ हा मुळातच साडेसहा फुटांच्या वरचा माणूस, ‘कॅरी ऑन’ विनोदपटांतला. तिथे ट्रिक शॉटची गरजच पडली नाही, त्याला बाकीच्यांशेजारी उभं केलं की झालं. पॅलन्सचा अर्धा चेहरा कथेत जळलेला, त्यावर काळं शिरस्त्राण. ज्या नटाचे दिवस महाग त्याला शिरस्त्राण घालणं हा जुना शहाणपणा आहे. पाठमोरा, लांबून, घोड्यावर कुणीही डबल चालून जातो.

जाता जाता: पॅलन्सचा जन्म १९१९चा आणि त्याच्या बापाचं काम करणाऱ्या फर्डी मेनचा १९१६चा. थोरल्या मुलापेक्षा बाप तीन वर्षांनी मोठा! पहिल्यांदा बघताना माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. कारण पॅलन्स पडद्यावर असला की माणूस वयाचा हिशोब करत बसत नाही. त्याचा अभिनय अती आहे, मान्य, पण या चित्रपटात तोलून-मापून अभिनय करणारा खलनायक पाचव्या मिनिटाला चित्रपटभर पसरलेल्या धुरात विरघळून गेला असता.

आता तुमच्या आवडीचा तुकडा. एल्फचं नाव क्रो. खरा तिरंदाज काय करतो? भात्यातून बाण काढतो, दोरीला लावतो, ओढतो, नेम धरतो, सोडतो. घाईत केलं तरी चार-पाच सेकंद. क्रोच्या बाबतीत पहिल्या तीन क्रिया जवळजवळ गायब आहेत. राहतं ते सोडणं, आणि सोडणं, आणि परत सोडणं. मध्ये कोसळणारी माणसं. नीट बघा, त्याची मान तसूभर हलत नाही, खांदा तिथेच, मागचं झाडही तिथेच. तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावलाय, आणि तो लपवायचा प्रयत्नही केलेला नाही.

टेबलावर हे कसं होतं ते सांगतो. सेकंदाला २४ फ्रेम. बाण सोडण्याची क्रिया, म्हणजे बोटं उघडली आणि दोरी पुढे गेली, एवढीच घेतली तर आठ-दहा फ्रेममध्ये बसते. त्याहून कमी केली तर डोळ्याला बोटं दिसत नाहीत, नुसता झटका दिसतो. जास्त ठेवली तर पुढच्या बाणासाठी हात मागे वळायला लागतो आणि मारा थांबल्यासारखा वाटतो. मग असे सहा-सात तुकडे सलग लावायचे, पण सगळे सारख्या लांबीचे ठेवायचे नाहीत: दहा, नऊ, नऊ, आठ, मग एकदम समोरच्या पडणाऱ्या माणसावर वीस फ्रेम, आणि परत आठ. ही मोजमापं माझ्या सवयीची आहेत, प्रत्येक नटाच्या हाताप्रमाणे दोन-चार फ्रेम इकडे-तिकडे होतात. मधला लांब तुकडा का? डोळ्याला श्वास घ्यायला जागा दिली नाही तर वेग जाणवतच नाही, नुसता गोंधळ जाणवतो.

आणि आवाज. हा तुकडा एकदा आवाज बंद करून बघा. अर्धा वेग तिथेच संपतो. दोरीचा ताण सुटल्याचा आवाज दर वेळी बरोब्बर कटवर पडला की कान मोजायला लागतो आणि डोळा कानामागून जातो.

त्या काळी ही पुनरावृत्ती फुकट नसायची, हेही सांगायला हवं. निगेटिव्ह एकच. एकच शॉट पाच ठिकाणी हवा तर त्याची ड्यूप, म्हणजे निगेटिव्हची प्रत, काढावी लागायची, त्याचे पैसे पडायचे आणि चित्रातला दाणा (रवाळपणा) वाढायचा. तुम्हाला कॉपी-पेस्ट आहे. म्हणूनच तुमच्याबद्दल भीती वाटते. जे फुकट मिळतं ते माणूस गरजेपेक्षा जास्त वापरतो.

पण खरी मेख पुढे आहे. ही युक्ती चालून गेली ती क्रो एल्फ आहे म्हणून. तो सपाट आवाजात बोलतो, चेहऱ्यावरची रेष हलत नाही, माणसासारखा वागतच नाही. मग बाण मारताना तो यंत्रासारखा तंतोतंत तसाच दिसला तर ते पात्राला धरूनच झालं. हीच कारागिरी बुटक्या बाल्डिनवर केली असती तर लोक हसले असते, कारण तो हाडामांसाचा, खादाड, चिडका माणूस आहे. संकलनातली उणीव पात्राच्या स्वभावात मुरली. असं टेबलावर बसून ऐनवेळी सुचत नाही, पात्र लिहितानाच ठरवावं लागतं. तुमच्या फिल्ममध्ये एखादं मंतरलेलं प्रेत किंवा दगडी पहारेकरी असेल तर ही युक्ती त्याला द्या. नायकाला देऊ नका.

याच्या उलट टोकाला त्या जादूगारणीचे हल्ले. चकाकते चेंडू सुटतात, कधी चिकट जाळ्यासारखं काहीतरी उडतं, कधी धूर. पार्टीतलं सामान उधळल्यासारखं दिसतं, आणि तुमचे मित्र इथेच हसले असणार. सामान स्वस्त होतं हा दोष मी मानत नाही. दोष दोन. एक म्हणजे तिची जादू कशी दिसते याचा काही नियम नाही, दर वेळी नवीनच प्रकार, त्यामुळे प्रेक्षक दर वेळी पहिल्यापासून तपासायला बसतो. आणि दुसरं, शॉट फार वेळ ठेवलेत. चेंडू हातातून सुटला, हवेतून गेला, लागला, उसळला, सगळं दिसतं. हवेतला प्रवास काढून टाका, फक्त हात आणि थेट ज्याला लागला त्याचा चेहरा ठेवा, तोच चेंडू गंभीर वाटायला लागेल. तीन सेकंदांचा शॉट पाऊण सेकंदावर आणण्याइतकंच ते काम.

पैसा असता तर हे टळलं असतं का? तीन वर्षांनी, १९८३ला, त्याच पाइनवूडमध्ये तयार झालेला ‘क्रल’ आला. बजेट अडीच कोटी डॉलरच्या वर, भव्य सेट, आणि योगायोगानं ब्रेसलॉ त्यातही, एकाक्ष राक्षसाच्या भूमिकेत. तिकीटबारीवर आपटला. त्यातली दृश्यं नक्कीच देखणी आहेत. पण बाण मारणारा एल्फ लोकांच्या डोक्यात जसा रुतून बसला तसं त्यातलं किती आठवतं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

तलवारबाजीबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय, म्हणून माझ्या टेबलावरचा एक किस्सा. एका छोट्या फिल्मच्या दिग्दर्शकानं नटांकडून महिनाभर तालीम करून घेतली होती आणि त्या कष्टांच्या प्रेमात पडून सगळी लढाई लांबून, एका सलग मास्टर शॉटमध्ये (पूर्ण दृश्य एकाच वेळी दाखवणाऱ्या शॉटमध्ये) घेतली. दोन रात्री, सात टेक. माझ्याकडे आलं तेव्हा प्रत्येक टेकमध्ये एक तरी वार हवेत गेलेला स्पष्ट दिसत होता, आणि ॲल्युमिनियमची तलवार चौथ्या वारानंतर किंचित वाकलेली. क्लोजअप नावाला तीन: एक घामेजलेला चेहरा, एक मुठीवरचा हात, एक मातीत घसरणारा पाय. पायाच्या त्या एका शॉटनं लढाई वाचवली. वार सुरू होताना मास्टर, लागायच्या आधी पाच-सहा फ्रेम कट करून पाय, आणि आवाज पायावर. पण एकच पाय किती वेळा घसरणार? चार वेळा वापरला, आणि चौथ्या वेळी मला स्वतःला लाज वाटली.

म्हणून तुम्ही असं करा. तालीम हवी तेवढी करा, पण शूट करताना प्रत्येक वाराचे दोन अर्धे वेगळे घ्या. उगारलेला वार एका बाजूनं, लागलेला वार दुसऱ्या बाजूनं. जोडताना दुसऱ्या शॉटमध्ये दोन-तीन फ्रेमची हालचाल पुन्हा दाखवली तर वार जड वाटतो. तेवढ्याच फ्रेम गाळल्या तर चपळ वाटतो. तुमच्या राक्षसाला पहिला प्रकार, नायिकेला दुसरा. एवढ्या एका गोष्टीनं दोघांची लढायची पद्धत वेगळी दिसायला लागते, तलवारी त्याच असल्या तरी. पायांचे, हातांचे, मागे सरणाऱ्या सावलीचे शॉट भरपूर घ्या. लाइट आहे तसाच ठेवून वीस मिनिटांत दहा होतात. खणखणाट मात्र शूटिंगच्या वेळचा वापरू नका. ॲल्युमिनियमचा आवाज पातेल्यासारखा येतो. खऱ्या पोलादाचा वेगळा रेकॉर्ड करून लावा.

धुराबद्दल एवढंच. ‘हॉक’मध्ये धूर इतका आहे की काही ठिकाणी तो सहनायक वाटतो. का, ते उघड आहे: मागून लाइट आणि मध्ये धूर असला की दहा झाडांचं रान होतं, आणि मागचा रस्ता किंवा भिंत दिसत नाही. पण धूर कंटिन्युइटीचा, म्हणजे एका शॉटचं पुढच्याशी जुळण्याचा, वैरी आहे. माझ्याकडच्या एका फिल्ममध्ये मशीन एकाच दिवसासाठी आणलं होतं. नायकाची बाजू धुक्यात, दुसऱ्या दिवशी घेतलेली खलनायकाची बाजू लख्ख. समोरासमोर उभे दोघे, हवामान वेगवेगळं! ते संभाषण शेवटी एकाच बाजूवर ठेवावं लागलं, खलनायकाचे संवाद नायकाच्या चेहऱ्यावर. धूर वापरायचा तर एका दृश्याच्या दोन्ही बाजू एकाच बैठकीत घ्या, आणि प्रत्येक टेकआधी धूर बसायला किती सेकंद थांबलात ते कुणालातरी लिहून ठेवायला सांगा.

संगीताचा मुद्दा लोक गाळतात. रॉबर्टसन निर्माता, सहलेखक आणि संगीतकारही. द्वंद्वाच्या दृश्यांत डोळ्यांचे टोकाचे क्लोजअप, शांतता, मग सिंथेसायझरची ती ठरलेली छोटी धून. सगळा थाट वेस्टर्नपटातल्या बंदूकबाजांच्या सामन्याचा. खाली डिस्कोचा ठेका, त्यावर लोक अजून भांडतात. मला तो आवडतो. पण मुद्दा आवडीचा नाही. इथे संगीत कुठे दृश्य उचलणार हे पटकथा लिहितानाच माहीत होतं, म्हणून नटाला नुसतं उभं राहून बघत राहायची हिंमत झाली. तुमचा संगीतकार अजून ठरला नसेल तर कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आधी तो ठरवा.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुमच्याकडे एक तरी असा नट आहे का, ज्याच्या चेहऱ्यावर पाच सेकंद थांबता येतं? असेल तर वरचं बरंचसं लागू पडेल. नसेल तर क्लोजअप कमी करा आणि लांबून, आकृतींवर खेळा. मग लढाईचं गणितही बदलतं. तुम्हाला लोकांना हसवायचंय का, हाही प्रश्न आहे. मुद्दाम वाईट करायला गेलात तर बारा दिवस वाया जातील. ‘हॉक’मधलं कुणीही डोळा मारत नाही, सगळे जीव तोडून काम करताहेत, म्हणून चाळीसहून जास्त वर्षांनी त्यावर प्रेमानं हसता येतं. शेवट तर पुढच्या भागासाठी उघडा ठेवलाय, जो अजून आलेला नाही.

तुमच्या यादीत शेवटी ‘ड्रॅगन, जमल्यास’ असं लिहिलंय. तो काढा. त्याऐवजी पहिला दिवस चाचणीला द्या: जंगलातला एक कोपरा, धूर, मागून लाइट, एक तलवार, दोन नट, पंधरा शॉट. ते त्याच रात्री जोडून बघा, आधी आवाजाशिवाय, मग आवाजासकट. जिथे तुम्हाला स्वतःला खोटं वाटेल तिथला शॉट निम्मा करा आणि परत बघा. किती फ्रेमवर खोटेपणा दिसेनासा होतो तो आकडा कॅमेरामनला कळवा, म्हणजे उरलेल्या अकरा दिवसांत तो तेवढ्याच लांबीसाठी लाइट करेल.